बंगळूरचा किल्ला आणि बंगळूरची सुरुंगनळी : तटबंदी कशी बांधतात, कशी फुटते

६ जून १९४४. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचे सैन्य उतरले. 'ओमाहा' असे सांकेतिक नाव दिलेल्या पट्ट्यावर अमेरिकी सैनिक वाळूत आणि दगडगोट्यांच्या बांधाआड अडकून पडले होते. पुढे काटेरी तारांची भेंडोळी, त्यांच्यापलीकडे भूसुरुंग आणि टेकडीच्या अंगावर जर्मनांचे काँक्रीटचे बंकर होते. त्या गोंधळात अमेरिकी अधिकारी आपल्या माणसांकडे एकच वस्तू मागत होते आणि तिचे नाव होते 'बंगलोर'.

'बंगलोर टॉर्पेडो' हे त्या वस्तूचे पूर्ण नाव. तारेच्या जाळ्याखालून पुढे सरकवायची, स्फोटकाने भरलेली ती एक लांब नळी. १९६२ चा 'द लाँगेस्ट डे' आणि १९९८ चा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हे चित्रपट ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे दृश्य आठवेल. दक्षिण भारतातील एका छावणीशहराचे नाव युरोपातील रणभूमीवर कसे पोहोचले, ही कथा रंजक आहेच. शिवाय युद्धकाळातील बंकर नेमका कोणत्या तत्त्वावर उभा असतो, हे समजून घेण्यासाठी बंगळूरइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल. तट बांधणे आणि तट फोडणे या दोन्ही विद्या या शहराने जवळून पाहिल्या आहेत.

मातीचा कोट, दगडी कोट

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळूरचा पहिला कोट बांधला तो मातीचा. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे जिंकले. त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते आणि पुढे बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. त्यांच्यानंतर ते व्यंकोजीराजांकडे राहिले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांना तीन लाख रुपयांना विकले. वोडेयरांच्या काळात जुन्या वस्तीच्या दक्षिणेस नवा लंबवर्तुळाकार कोट उभा राहिला. १७६१ मध्ये हैदरअलीने तोच कोट दगडात बांधून काढला. आज दिल्ली दरवाजा म्हणून जे अवशेष कृष्णराजेंद्र बाजाराजवळ दिसतात, ते याच दगडी किल्ल्याचे आहेत.

मातीचा कोट म्हणजे कच्चा आणि दगडी कोट म्हणजे पक्का, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तोफांच्या युगात ती पुरती खरी ठरली नाही. लोखंडी गोळा दगडी तटावर आदळला की दगड तडकतो, कपच्या उडतात, सांधे ढिले होतात आणि एकाच जागी मारा चालू राहिला तर भिंत कोसळते. जाड मातीच्या तटात मात्र गोळा रुतून बसतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण भरतपूरचे. यशवंतराव होळकर १८०५ मध्ये भरतपूरच्या जाटांच्या आश्रयास असताना जनरल लेकने त्या मातीच्या किल्ल्यावर चार वेळा हल्ला चढवला. चारही हल्ले फसले आणि इंग्रजांची तीन हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. पुढे १८२६ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला घेतला तेव्हा त्यांना बुरुजाखाली सुरुंग खणून उडवावा लागला. माती धक्का पचवते, दगड तो परत फेकण्याच्या प्रयत्नात स्वतः फुटतो. काँक्रीटच्या बंकरावर आजही मातीचा जाड थर का टाकतात, याचे उत्तर येथेच आहे.

१७९१ चा मार्च महिना

तिसऱ्या म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिस ५ मार्च १७९१ रोजी बंगळूरसमोर येऊन दाखल झाला. त्या वेळचे बंगळूर दोन भागांचे होते. उत्तरेस व्यापारी पेठ आणि तिच्या दक्षिणेस किल्ला. पेठेभोवतीचा तट बेताचाच होता, पण त्याच्या बाहेर खोल खंदक होता आणि खंदकाच्या बाहेर बांबू व काटेरी झुडपांचा रुंद पट्टा. हा काटेरी पट्टा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे विसाव्या शतकात त्याचेच लोखंडी रूप आपल्याला भेटणार आहे. ७ मार्च रोजी हलसूरच्या बाजूच्या वेशीवर तोफा लावून इंग्रजांनी पेठ घेतली. या लढाईत त्यांचा लेफ्टनंट कर्नल मूरहाउस मारला गेला. ती वेस आज उरलेली नाही, पण 'हलसूर गेट' हे नाव पोलीस ठाण्याच्या पाटीवर टिकून आहे.

किल्ला ही अधिक अवघड गोष्ट होती. सुमारे एक किलोमीटर लांबीचा कोट, भोवती रुंद खंदक आणि त्या खंदकावर नजर ठेवणारे २६ बुरूज. बुरूज तटाच्या रेषेबाहेर का काढतात? सरळ भिंतीवर उभ्या असलेल्या बंदुकधाऱ्याला भिंतीच्या अगदी पायथ्याशी पोहोचलेला शत्रू दिसत नाही. त्याला पाहायचे तर तटाबाहेर वाकावे लागते आणि वाकला की तो मारला जातो. बाहेर आलेल्या बुरुजावरचा माणूस मात्र तटाच्या पायथ्याशी समांतर, आडवा मारा करू शकतो. दोन शेजारच्या बुरुजांनी एकमेकांचा पायथा राखायचा, ही त्यातील मेख.

इंग्रजांनी बुरुजांच्या या जाळ्याला वळसा घातला नाही. त्यांच्याकडे वेढ्याच्या जड तोफा होत्या. दिल्ली दरवाजाजवळच्या तटावर दिवसामागून दिवस एकाच जागी मारा करून त्यांनी खिंडार पाडले आणि २१ मार्चच्या रात्री चांदण्यात तेथून हल्ला चढवला. किल्लेदार बहादूरखान खिंडाराच्या तोंडाशी लढताना पडला. टिपूची मुख्य फौज जवळच असूनही वेळेत मदतीस पोहोचू शकली नाही. हल्ला जेथून झाला ती जागा दाखवणारी शिळा आजही तेथे आहे.

त्याच सुमारास धारवाडला काय चालले होते, तेही पाहण्यासारखे आहे. कॉर्नवॉलिसचे मित्र म्हणून या युद्धात उतरलेल्या मराठ्यांच्या फौजेने परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १७९० पासून धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला होता. टिपूचा किल्लेदार बद्रुझ्झमानखान तेथे सहा महिन्यांहून अधिक काळ तग धरून राहिला आणि एप्रिल १७९१ च्या सुरुवातीस किल्ला हाती आला. बंगळूरचा निकाल सतरा दिवसांत लागला. या फरकाचे मुख्य कारण शौर्यात शोधण्यात अर्थ नाही. एकाच जागी सलग आदळणाऱ्या जड तोफा आणि त्या चालवण्याचे शास्त्र कोणाकडे होते, हा खरा प्रश्न होता. धारवाडपुढे अशा तोफखान्याची उणीव होती.

दगडाच्या जागी काँक्रीट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोफगोळा बदलला. आता तो आदळून थांबत नसे, आत शिरून फुटत असे. दगडी आणि विटांचे किल्ले एका पिढीत निरुपयोगी झाले. उत्तर म्हणून युरोपने काँक्रीट पुढे केले. बेल्जियमचा अभियंता ब्रियालमाँ याने १८८८ ते १८९१ या काळात लिएज शहराभोवती १२ किल्ल्यांचे कडे बांधले. त्या काळच्या २१ सेंटिमीटर व्यासाच्या तोफांना ते पुरेसे होते. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी ४२ सेंटिमीटरच्या तोफा आणल्या.

लिएजचे काँक्रीट साधे होते, त्यात लोखंडी सळया नव्हत्या. ते थराथराने ओतले गेले होते आणि रात्री काम थांबत असल्याने एका दिवसाचा थर दुसऱ्या दिवसाच्या थराशी नीट एकजीव झाला नव्हता. घराचा स्लॅब एका दमात ओतून पुरा करावा असा आग्रह आपल्याकडचे मिस्त्री धरतात, तो उगाच नव्हे. १५ ऑगस्ट १९१४ रोजी लाँसाँ किल्ल्याचे छत भेदून एक गोळा थेट दारूकोठारात फुटला आणि सुमारे ३५० सैनिक एका क्षणात ठार झाले. इतर किल्ल्यांमध्ये माणसे गोळ्यांइतकीच धुराने हैराण झाली. हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था अपुरी असल्याने स्फोटांचा आणि स्वतःच्याच तोफांचा धूर आत कोंडला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीचे प्रकरण आहे. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दरवाजा शत्रूच्या समोर उघडा पडू नये, त्याच्या पुढे बुरूज घालून तो झाकावा, किल्ला बांधण्याआधी तेथील पाणी पाहावे, अशा सूचना त्यात आहेत. लिएजच्या दोनशे वर्षे आधीचा हा ग्रंथ. साहित्य बदलले तरी बांधणाऱ्याच्या चिंता फारशा बदलत नाहीत.

काँक्रीटचा स्वभाव समजला की बंकराचे अर्धे गणित समजते. हा पदार्थ दाब सहन करण्यात बलवान आणि ताण सहन करण्यात दुबळा. गोळा बाहेरून आदळतो तेव्हा दाबाची लाट भिंतीतून आत धावते, आतल्या पृष्ठभागावर पोहोचते आणि तेथून परतताना तिचे रूपांतर ताणात होते. परिणामी भिंत आरपार न फुटताही आतल्या बाजूचे काँक्रीट ढलप्यांच्या रूपाने सुटून माणसांवर उडते. बाहेरून पाहणाऱ्याला बंकर शाबूत दिसतो आणि आत कोणी वाचलेले नसते. यावर दोन उपाय निघाले. भिंतीच्या पूर्ण जाडीत सळयांची उभी, आडवी आणि आरपार अशी तिहेरी जाळी विणणे हा पहिला. छताच्या आतल्या अंगाला लोखंडी तुळया आणि पत्रे बसवून ढलप्या अडवणे हा दुसरा.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी अटलांटिक किनाऱ्यावर बांधलेल्या बंकरांचे नकाशे ठरावीक नमुन्यांचे होते. बहुतेकांच्या भिंती आणि छत दोन मीटर जाडीचे, फार महत्त्वाच्या ठिकाणी साडेतीन मीटर. हे काम ऑर्गनायझेशन टोट या संस्थेने केले आणि त्यासाठी व्यापलेल्या देशांतील मजुरांना मोठ्या प्रमाणावर सक्तीने राबवले. ब्रिटनमध्ये १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन आक्रमणाच्या धास्तीने हजारो छोटे 'पिलबॉक्स' घाईघाईने उभे राहिले. त्यांतील साधे नमुने सुमारे एक फूट जाडीचे, म्हणजे केवळ बंदुकीची गोळी अडवणारे. तोफगोळा अडवायचा तर भिंत साडेतीन फुटांच्या आसपास लागे. हे पिलबॉक्स बहुधा षट्कोनी असत. सहा बाजूंमुळे चहूकडे मारा करता येतो आणि गोल भिंतीपेक्षा सरळ भिंतींचे शटरिंग ठोकणे सोपे जाते. आत मधोमध एक आडभिंत असे. एखाद्या झरोक्यातून गोळी आत आलीच, तर ती भिंतींवर आपटत सर्वांना लोळवू नये यासाठी ती आडभिंत.

झरोका हीच दुबळी जागा

भिंत कितीही जाड केली तरी बंदूक बाहेर रोखण्यासाठी तिला भोक पाडावेच लागते. आपल्या गडांच्या तटात 'जंग्या' असतात. आतून रुंद आणि बाहेरून अरुंद, तिरक्या खाली उतरणाऱ्या. आतला माणूस डावीउजवीकडे सरकून वेगवेगळ्या कोनांत नेम धरू शकतो आणि बाहेरच्याला मात्र चिंचोळी फट तेवढी दिसते. मशीनगनला मात्र अशी सरकासरक जमत नाही. ती एका जागी, आतल्या भिंतीलगत बसवलेली असते आणि तिची नळी बाजूला वळायची तर भोक बाहेरच्या अंगाने रुंदावत न्यावे लागते. असे रुंदावलेले भोक म्हणजे नरसाळेच झाले. त्याच्या उतारावर आदळलेली गोळी घसरून नेमकी आत येते. म्हणून जर्मन बंकरांच्या झरोक्यांच्या बाजू गुळगुळीत न ठेवता पायऱ्यापायऱ्यांच्या केल्या. गोळी पायरीच्या उभ्या अंगावर आदळते आणि तेथेच थांबते.

याहून हुशारीचा उपाय म्हणजे झरोका शत्रूच्या दिशेने ठेवायचाच नाही. ओमाहा किनाऱ्यावर व्हिएरविल येथे ८८ मिलिमीटरच्या तोफेचा बंकर होता. त्याची समुद्राकडची बाजू जाड, आंधळी भिंत होती आणि तोंड किनाऱ्याला समांतर. समुद्रातील युद्धनौकांना त्याचे भोक दिसत नव्हते, आणि त्याला मात्र संपूर्ण किनारा लांबीने दिसत होता. वाळूत उतरलेल्या माणसांच्या रांगा त्याच्यासमोर आडव्या नव्हे, उभ्या येत. बंगळूरच्या २६ बुरुजांचे तत्त्व ते हेच. रायगडाच्या महादरवाजासारख्या गोमुखी रचनेत दोन बुरुजांच्या मिठीत दरवाजा लपतो आणि त्याच्यापर्यंत जाणाऱ्याच्या दोन्ही कुशी उघड्या पडतात, तेथेही तोच विचार आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरील चिलखती बुरूज तर एक पाऊल पुढचे. तेथे बुरुजाबाहेर दुसरा तट आहे आणि दोहोंमध्ये चिंचोळी जागा. बाहेरचा तट पडला तरी आत शिरलेला शत्रू त्या पोकळीत अडकतो.

प्रवेशद्वाराचेही असेच. बंकराचे दार बहुधा मागच्या बाजूला असते, वाट काटकोनात वळते आणि वळणासमोर आतून रोखलेला एक छोटा झरोका असतो. वळण दोन कामे करते. स्फोटाचा हवेचा धक्का सरळ आत येत नाही आणि घुसणारा शत्रू क्षणभर तरी एकटा, उघडा सापडतो. त्याच्यापलीकडे जड पोलादी, वायुरोधक दार. आत हाताने फिरवायचा पंखा, कारण मशीनगनचा धूर काही मिनिटांत माणसांना बेशुद्ध करू शकतो. बंकर म्हटले की जाड भिंती डोळ्यांसमोर येतात. आत राहिलेल्यांच्या दृष्टीने हवा, निचरा आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट यांचे महत्त्व भिंतीपेक्षा कमी नसते.

जर्मनांच्या बांधकामात 'टोब्रुक' नावाचा एक प्रकार होता. जमिनीत पुरलेली काँक्रीटची कोठी, वर एका माणसापुरते गोल तोंड, त्यातून फक्त डोके आणि बंदूक बाहेर. लिबियातील टोब्रुक येथे इटालियनांनी केलेल्या बांधकामावरून हे नाव पडले. योगायोग असा की उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या बंगळूरजवळ जालहळ्ळी परिसरात होत्या.

मॅक्लिंटॉकची नळी

आता काटेरी पट्ट्याकडे परत येऊ. बंकर एकटा असेल तर त्याच्या आंधळ्या कोपऱ्यातून सरपटत जाऊन झरोक्यात हातबाँब टाकता येतो. म्हणून बंकर कधी एकटा नसतो. त्याच्यापुढे तार असते. तार कोणाला मारत नाही. ती माणसाला थांबवते आणि ज्या जागी थांबवते ती जागा आधीच मशीनगनच्या माऱ्यात मोजून ठेवलेली असते. तार, सुरुंग आणि बंकर हे तिघे मिळून एकच यंत्र आहे. त्यातील तार कापली तर उरलेल्या दोघांची धार निम्मी होते. पण कात्रीने तार कापणाऱ्याला गोळ्यांच्या वर्षावात उभे वा पडून राहावे लागते.

१९१२ मध्ये बंगळूर येथे 'मद्रास सॅपर्स अँड मायनर्स'मध्ये नेमणुकीस असलेला रॉयल इंजिनिअर्सचा कॅप्टन आर. एल. मॅक्लिंटॉक याने यावर तोडगा काढला. बोअर युद्ध आणि रशिया-जपान युद्ध यांत काटेरी तारेचा व अडथळ्यांचा प्रताप जगाला दिसला होता. मॅक्लिंटॉकच्या नळीचे तुकडे एकमेकांना जोडून ती हवी तितकी लांब करता येई. टोकाला गोलसर टोपी असल्याने ती तारेत वा मातीत न अडकता पुढे सरके. सैनिक आडोशातच राहणार, नळी तेवढी पुढे जाणार. नंतरच्या अमेरिकी नमुन्यात पाच फुटांचे दहा तुकडे असत, म्हणजे एकूण ५० फूट. स्फोट झाला की तारेत माणसांना धावत जाता येईल अशी वाट पडे. पहिल्या महायुद्धात खंदकांपुढच्या तारा उडवण्यासाठी ती वापरली गेली आणि दुसऱ्या महायुद्धात ती जवळपास सर्व सैन्यांकडे पोहोचली. अनेक देशांच्या सैन्यांत ती आजही आहे.

ज्या पथकात ही नळी जन्मली त्याची स्थापना १७८० सालची. मद्रास पायोनियर्स या नावाने दोन तुकड्या उभ्या राहिल्या, पुढे त्यांचेच सॅपर्स झाले आणि आता बंगळूरला हलसूर तलावाकाठी मुख्यालय असलेला मद्रास इंजिनिअर ग्रुप. १९७१ च्या डिसेंबरमध्ये शकरगढ भागात बसंतर नदीवर रणगाड्यांसाठी भूसुरुंगांतून वाट काढताना याच ग्रुपच्या ९ इंजिनिअर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. नळी असो वा नसो, वाट काढणारा सॅपर सर्वांत आधी उघड्यावर येतो.

सेनियोचा बांध

सगळे बंकर काँक्रीटचे नसतात, आणि घातक ठरलेले कित्येक तर मातीचे होते. १९४३ च्या सुरुवातीस अराकानमधील डोनबाइक येथे जपान्यांनी लाकडाचे ओंडके आणि माती यांचे बुटके मोर्चे केले. ते एकमेकांना आडवा मारा करून राखत आणि तोफगोळे त्यांच्या मातीत जिरून जात. हिंदी व ब्रिटिश फौजेचे हल्ले तेथे एकामागून एक फसले. पुढे रणगाडे अगदी जवळ नेऊन झरोक्यांवर मारा करण्याची पद्धत बसवावी लागली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने याहून जवळचे उदाहरण इटलीतील आहे. सेनियो नावाची नदी तशी लहान, पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी चारपाच फूट खोल. पण पुरापासून शेती वाचवण्यासाठी तिच्या दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंचीचे उभे बांध घातलेले. जर्मनांनी ते बांध आतून पोखरून त्यांत मोर्चे केले. विशेष म्हणजे काही मोर्चे पूर्वेकडच्या, म्हणजे हल्लेखोरांच्याच बाजूच्या बांधाच्या आतल्या उतारावर होते. बाहेरून तोफा कितीही चालवा, गोळे बांधाच्या बाहेरच्या अंगात शिरणार. हल्लेखोर बांध ओलांडून नदीत उतरला आणि पलीकडे चढू लागला की हे मोर्चे त्याच्या पाठीत गोळ्या घालणार. राजगडाच्या चिलखती बुरुजाची पोकळी आणि सेनियोचे पात्र यांत तत्त्वतः फरक नाही. आत शिरलेल्याला कोंडीत गाठायचे, हेच दोन्हीकडे.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने या बांधावर हल्ला केला. आधी विमाने, तोफा आणि ज्वालाफेकी यंत्रे यांचा मोठा मारा झाला होता, तरीही आतल्या उतारावरचे मोर्चे जिवंत राहिले. नदी ओलांडून पश्चिम काठावर चढणाऱ्या एका तुकडीवर निदान तीन मोर्च्यांतून गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले आणि बाकीचे ठार. उभा राहिला तो नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव. कंपनीचा निरोप्या. त्याने एका जखमीला उचलून पाण्यातून, उभ्या चढावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले, मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. त्यानंतर टॉमी गन घेऊन तो जवळच्या मोर्च्यावर धावून गेला व तो बंद केला. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून त्याने हातबाँब घेतले आणि उरलेले दोन मोर्चे एकेक करून संपवले. मधल्या वेळी बाँब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून तो आणखी घेऊन आला. शेवटी बांधावर उघडा उभा राहून, मराठ्यांची रणगर्जना देत त्याने मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

वीरकथा म्हणून हा प्रसंग आपल्याकडे सांगितला जातोच. तटबंदीच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आतल्या उतारावरचा मोर्चा बाहेरच्या तोफांपासून पूर्ण सुरक्षित, पण बांधाच्या माथ्यावरून येणाऱ्या एका माणसाकडे त्याची पाठ असते. प्रत्येक रचना एखाद्या दिशेला आंधळी असतेच. बेल्जियमचा एबन-एमाल हा त्या काळचा अत्यंत भक्कम काँक्रीटचा किल्ला १० मे १९४० रोजी सुरू झालेल्या हल्ल्यात पडला तो वरून. जर्मन सैनिक ग्लायडरमधून थेट त्याच्या छतावर उतरले, कारण छतावर कोणी उतरेल हे बांधणाऱ्यांनी धरलेलेच नव्हते.

बर्फात आणि सीमेवरच्या अंगणात

१९९९ च्या कारगिल युद्धात घुसखोरांनी शिखरांवर केलेले मोर्चे बहुतांशी दगड रचून केलेले होते. त्या उंचीवर सिमेंट, पाणी आणि सळया नेणे कठीण, आणि नेले तरी काँक्रीटला पूर्ण ताकद यायला सुमारे २८ दिवस लागतात. गोठवणाऱ्या थंडीत तर ते नीट आवळतच नाही. डोंगराच्या कडेचा उपयोग करून केलेले हे दगडी मोर्चे बोफोर्स तोफांच्या थेट माऱ्याने आणि टायगर हिलवर मिराज विमानांच्या बाँबनी फोडले गेले. तरी प्रत्येक शिखराचा अखेरचा टप्पा पायदळालाच चढावा लागला.

सैनिकांच्या बंकरांविषयी इतके लिहिले जाते, पण आज भारतात ज्या बंकरांवर सर्वाधिक माणसांचे प्राण अवलंबून आहेत ते नागरिकांचे आहेत. जम्मू, सांबा, कठुआ, राजौरी आणि पूंछ या जिल्ह्यांतील सीमेलगतच्या गावांसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये १४,४६० बंकर मंजूर केले. त्यांपैकी १३,०२९ कुटुंबांसाठीचे वैयक्तिक आणि १,४३१ सामूहिक. वैयक्तिक बंकर १६० चौरस फुटांचा, आठ माणसांपुरता. सामूहिक ८०० चौरस फुटांचा, चाळीस जणांसाठी.

या बंकराला झरोका लागत नाही, म्हणजे लढाऊ बंकराची सर्वांत दुबळी जागा येथे नाहीच. पण बाकीचे सारे प्रश्न तसेच आहेत. जमिनीत पुरलेल्या खोलीत पावसाचे पाणी साचू नये यासाठी निचरा हवा. रात्रभर आठ माणसांना पुरेल इतकी हवा हवी. दार काटकोनात वळलेले हवे आणि ते सीमेच्या विरुद्ध बाजूस असावे. घरापासूनचे अंतर तर सर्वांत महत्त्वाचे. मॉर्टरचा पहिला गोळा पडतो तेव्हा लोक अंगणात, गोठ्यात वा अंथरुणात असतात. पहिल्या आणि दुसऱ्या गोळ्यामधल्या काही सेकंदांत म्हाताऱ्या माणसाला व लहान मुलाला घेऊन तेथे पोहोचता आले पाहिजे. गावाच्या टोकाला बांधलेला उत्तम सामूहिक बंकर या हिशेबात अंगणातल्या साध्या बंकरापुढे उणा ठरतो. वापर नसताना त्याचे गोदाम होऊ न देणे हा वेगळाच व्याप.

७ मे २०२५ रोजी पूंछ शहरावर पाकिस्तानी तोफांचा मारा झाला आणि दहाहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. मंजूर झालेल्या बंकरांचा भर सीमेलगतच्या खेड्यांवर होता. नियंत्रण रेषेपासून काहीशा आत असलेल्या शहरात सार्वजनिक बंकर फारसे नव्हते. त्यानंतर वस्त्यांमध्येही बंकर बांधावेत ही मागणी जोराने पुढे आली. खेड्यातील अंगणात खड्डा खणता येतो, शहरात दाटीने उभ्या घरांखाली तो कोठे खणायचा, हा अभियंत्यांपुढचा प्रश्न आहे. इमारतीचे तळघरच बळकट करावे हा एक मार्ग. त्यात वरची इमारत कोसळली तरी छताने तिचा भार पेलला पाहिजे आणि ढिगाऱ्याबाहेर निघणारी दुसरी वाट शिल्लक असली पाहिजे.

इकडे बंगळूरच्या किल्ल्याचा फार थोडा भाग उरला आहे. १७९१ नंतर तट पाडण्यास सुरुवात झाली आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत रस्ते, शाळा, रुग्णालये आणि बसस्थानकांसाठी तो हळूहळू नाहीसा झाला. २०१२ मध्ये जवळच मेट्रोचे खोदकाम चालू असताना टिपूच्या काळातील दोन तोफा मातीखालून वर आल्या.